कुरणाचं धोतर

पेडगाव स्टेशनावर पॅसेंजरमधून उतरून अनुसया पायवाटेला लागली. रुळाच्या कुंपणाशी, कुरणाच्या तोंडाला जी बोर आहे, तिच्याकडे न बघता पुढं जायचं असं तिनं गाडीतच ठरवलं होतं. लेक सेलूहून येणार असली की तिचे आबा, व्यंकटराव, त्या बोरीखाली बसून राहायचे. ती दिसली की उठायचे, काही न बोलता तिच्या हातातली पिशवी घ्यायचे आणि पुढं चालू लागायचे. घरापर्यंत बापलेकीत चार वाक्यं झाली तर खूप झाली. पण ठरवलेलं पाळता आलं नाही, कारण बोरीखाली आज ट्रॅक्टर उभा होता. मागं नांगर जोडलेला. फाळ नवे, अजून त्यांना माती लागलेली नव्हती.

ट्रॅक्टर थोरल्या भावाचा, भुजंगदादाचा. तो इथं का उभा आहे हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

ट्रॅक्टरच्या पल्याड कुरण ओढ्याच्या अंगाला उतरत गेलं होतं. भाद्रपदात आबा गेले तेव्हा ते कमरेएवढं आणि हिरवंगार होतं. तेराव्याला आलेली माणसं त्याच्या कडेनं चालत गेली होती आणि एकानंही त्याच्याकडे बघितलं नव्हतं. आता दिवाळी सरली होती. परतीचा पाऊस लांबल्यामुळं गवत उशिरा पिकत होतं. पवन्याला तांबूस झाक आली होती, मारवेल पिवळा पडला होता, आणि मधूनमधून कुसळीचे पट्टे काळपट दिसत होते. वारा आला की सगळं एका अंगावर झुकायचं आणि पुन्हा उभं राहायचं.

परकर नेसायची तेव्हा आबांनी तिला याच बोरीखाली बसवून तणमोर दाखवला होता. गवतातून एक काळा पक्षी सरळ वर उडी घेई, क्षणभर हवेत थांबल्यासारखा दिसे आणि दगडासारखा खाली पडे. पुन्हा उडी. "काय करायलाय तो?" तिनं विचारलं होतं. "मी हाय म्हून सांगायलाय," आबा म्हणाले होते. पुढं तिनं पुस्तकांतून पक्ष्यांबद्दल बरंच वाचलं, शाळेत पोरींना शिकवलंही. याहून नेमकं उत्तर तिला कुठं सापडलं नाही.

कुरण कधी कापायचं ते या घरानं पंचांगाला कधी विचारलं नाही. ते धोतराला विचारायचं. गवत पिकत आलंसं वाटलं की आबा एक ठरावीक जुनं धोतर धुऊन नेसायचे आणि बोरीपासून थेट ओढ्यापर्यंत गवतातून सरळ चालत जायचे. ओढ्याच्या पाण्याला पाय लावायचे आणि त्याच वाटेनं परत यायचे. घरी आले की ओसरीच्या कडेला पाय सोडून बसायचे. मग माय आणि घरातल्या सगळ्या बायका धोतराला लागलेली कुसळं काढायला बसायच्या. कुसळ हिरवट आणि मऊ निघालं तर आबा म्हणायचे, "अजून न्हाई." काळं, वाळून पीळ पडलेलं निघालं आणि त्याचं बी गळून गेलेलं असलं, की दुसऱ्या दिवशी गावात सांगावा जायचा: कुरण मोकळं. ज्याच्या दावणीला जनावर आहे त्यानं विळा घेऊन यावं, डोक्यावर मावेल तेवढा भारा न्यावा. "बियाणं पडायच्या आधी कापलं तर ते चोरून कापल्यावानी हाय," आबा म्हणायचे. कुणाकडून चोरून, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि घरची वाट धरली.

*

ओसरीवर बैठक आधीच बसली होती. मधोमध तात्याराव, आबांचे चुलतभाऊ, तळहातावर तंबाखू मळत. एका बाजूला भुजंग, पँटच्या पायांना डिझेलचे डाग. दुसऱ्या बाजूला धाकटा बन्सीधर, परभणीच्या कचेरीतून सुट्टी काढून आलेला, इस्त्रीच्या सदऱ्यात. चौकटीला टेकून माय, तानुबाई. मायची नजर गेल्या दोन वर्षांत पार अधू झाली होती. अनुसयाच्या चपलांचा आवाज ऐकूनच तिनं मान वर केली.

"आली का अनू? गाडी येळंवर होती?"

"होती, माय."

"पाणी पी आधी. हे कुठं पळून जायलेत."

भुजंगची बायको कडूबाई तांब्या घेऊन आली. "वन्सं, वाळल्या तुमी," एवढंच म्हणाली आणि आत न जाता दारातच उभी राहिली. कडूबाई दारात उभी राहिली की ती ऐकायला नव्हे, बोलायला उभी असते, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

तात्यारावांनी घसा साफ केला. "अनू, तू शिकलेली हायेस, तुला उगी घोळवून काय सांगायचं. दोघा भावांचं वाटणीचं ठरलंय. दस्तुराप्रमाणं तू सोमवारी परभणीला येऊन हक्कसोड करून द्यायची. चोळीबांगडी भाऊ करतीलच."

"करीन, काका," अनुसया म्हणाली. "माझं त्याबद्दल काही म्हणणं न्हाई. पण बोरीखाली ट्रॅक्टर उभा आहे."

"उभा हाय," भुजंग म्हणाला.

"कुरण नांगरायचं?"

"उद्या सकाळी. धरणाच्या चारीला पाणी हाय तवर ऊस लावून घेतो."

अनुसयानं बन्सीकडे बघितलं. लहानपणी लाव्याची पिल्लं नांगराखाली येऊ नयेत म्हणून तासापुढं धावणारा बन्सी. तिची मदार त्याच्यावर होती.

बन्सी तिची नजर चुकवून म्हणाला, "आक्का, तू तिकडं बसून वाचतेस ते सगळं खरं आहे. मीही वाचतो. पण धरणाचं पाणी दाराशी आलंय. देशाला साखर पाहिजे, धान्य पाहिजे. इतकी काळी जमीन गवताखाली ठेवायची म्हणजे... विकास कुणासाठी थांबत नाही."

"हे तू कचेरीत बोलतोस तसं बोललास," ती म्हणाली.

"मी बोलतो साधं," भुजंग मध्ये पडला. "गवत विकून कुणाची लेकरं शिकली, सांग. तू शिकलीस ती कापसावर. सेलूच्या बाजारात आबा गाडी घेऊन रातभर बसायचे, ते गवताची गाडी घेऊन न्हाई. आता बैलं किती राहिली घरात? दोन. त्यांना कडबा पुरतो. सेलूत राहून कुरण लय हिरवं दिसतं, अनू. हितं राहून बघ."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. बैलं गेली, मोट गेली, आता पहाटे चारीच्या दारावर पाण्याच्या पाळीसाठी भांडायला दादाच जातो. घर त्यानं ओढलं. ती सुट्टीला यायची, हुरडा खायची आणि जायची.

"ओढ्याकडच्या पट्टीत काय आलं, दादा?" तिनं शेवटी विचारलं.

भुजंगचा चेहरा आक्रसला. तीन वर्षांपूर्वी आबांशी हुज्जत घालून त्यानं कुरणाची ओढ्यालगतची पट्टी मोडली होती. पहिल्या साली ऊस माणूसभर वर गेला. गाव बघायला आलं. दुसऱ्या साली निम्मा झाला. मग जमिनीवर पांढरं फुटायला लागलं, तसं भुजंगनं ते धुऊन काढायला आणखी पाणी सोडलं. काळी जमीन ती, प्यायलेलं पाणी सोडत नाही. जितकं पाणी दिलं तितकं पांढरं वर आलं. सगळ्या शिवारात हीच चूक घराघरानं केली होती. पिढ्यान् पिढ्या पाण्याची वाट बघितलेली माणसं, पाणी जास्त होऊ शकतं हे त्यांच्या ध्यानात यायला जागाच नव्हती.

"त्याला इलाज हाय," भुजंग म्हणाला. "चर काढला की निघंल पाणी."

"कवा काढता?" दारातून कडूबाई म्हणाली. "दोन साल ऐकायलेय. आता तिथं लव्हाळा सोडून काय उगवंना. आन् दुधाच्या दोन म्हशी हायेत, त्या काय उसाची पाचट खात्यात? बाजारला जाऊन पेंड आणा म्हणलं की मालकाचं डोकं दुखतं."

"तुला कुणी इचारलं?"

"कुणी इचारंना म्हणून तर सांगायलेय."

तात्याराव तंबाखू तोंडात टाकत हसले. बन्सीनं संधी साधली.

"दादा, मग असं करू. जमीन पाणी धरून चिबाड झाली तर दोघांचं नुकसान होणार. त्यापेक्षा कुरणाचे आत्ताच दोन तुकडे पाडू. माझा वरचा, रुळाकडचा. मी त्यात काय करायचं ते माझं मी बघतो."

"काय बघतोस?"

"एखादं गिऱ्हाईक आलं तर..."

भुजंग सावकाश त्याच्याकडे वळला. सकाळपासून दोघे भाऊ एका बाजूला होते. आता कुणी हात धरून हलवल्यासारखी ती बाजू सरकली.

"म्हंजे साखर, धान्य, देश सगळं सांगून तू इकायला बसलास व्हय? नांगर मी धरायचा, अन् चांगला तुकडा तू परक्याच्या हातात द्यायचा?"

"मी परभणीत राहतो, दादा. माझं इथं कोण आहे?"

हे वाक्य तोंडातून निघून गेल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं असावं. तो मायकडे बघायला लागला. मायनं ऐकलं होतं. ती पदराचं टोक दोन बोटांत धरून काही शोधत असल्यासारखी चाचपत होती.

*

तेवढ्यात अंगणात सुलाबाई येऊन उभी राहिली.

ती आश्रुबाची बायको. तिचं घर गावाच्या खालच्या अंगाला, बौद्धवाड्यात. पोरगा पंडित औरंगाबादला शिकायला होता आणि विद्यापीठाच्या नावाचा मोर्चा निघाला की हमखास त्यात असायचा. वर्षानुवर्षं या घराच्या रानात सुलाबाईनं खुरपलं, वेचलं, पण ओसरीची पायरी ती कधी चढली नव्हती. आज पायरीशी येऊन थांबली.

"तानामाय, कुरणाचा दिवस कवाचा?"

माय म्हणाली, "बस गं, सुला. वर बस."

सुलाबाई पायरीवरच बसली. "माझा पंडित म्हणतो, मागायला जाऊ नगंस. मी मागायला न्हाई आले. इचारायला आले. बोरीखाली ट्रॅक्टर दिसला म्हून."

"यंदा दिवस न्हाई," भुजंग म्हणाला. "कुरण मोडायलो."

सुलाबाईनं मान हलवली, जणू उत्तर तिला ठाऊकच होतं. मग अनुसयाकडे बघून म्हणाली, "अनुबाई, तुमाला ती वरची कड ठाव हाय? रुळाकडची. खडकाची?"

"जिथं पवन्या दाट आहे ती?"

"आता दाट हाय. आदी न्हवती. पूर्वी आमच्या वाड्याला कापायला तीच द्यायचे. खडक अन् कुसळ. चांगलं गवत गावाला, खडक आमाला. तुमचे आबा देवमाणूस, पर दस्तूर तोच होता."

अनुसयाला कुरणाचा दिवस आठवत होता तो गाण्यांचा, भाकरीच्या फडक्यांचा, डोक्यावर डुलणाऱ्या भाऱ्यांचा. कोण कुठं कापत होतं, हे त्या आठवणीत कुठंच नव्हतं.

"नामांतराचं ठरलं त्या साली," सुलाबाई सांगत होती, "गावानं आमच्याशी बोलणं टाकलं. कामाला बोलावणं बंद, गिरणी बंद. गायरानात जनावरं जाऊ देईनात. माझी एक गाय अन् दोन शेरडं, दावणीला ओरडायची. तवा तुमचे आबा वाड्यावर आले. श्रावण होता. म्हणाले, कुरण मोकळं हाय, हवं तिथून कापा."

"श्रावणात?" अनुसया म्हणाली. ती तेव्हा सेलूला होती. पुढच्या साली गवत विरळ आलं तेव्हा तिनं कारण विचारलं होतं. "पाऊस कमी," आबा म्हणाले होते.

"श्रावणात," भुजंग म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "हिरवं, बियाणं धरायच्या आदी. मी आबांच्या पाया पडलो, नेम मोडू नगा म्हणलो. गाव आपल्यावर थुंकंल म्हणलो. दोन म्हैने मी त्यांच्याशी बोललो न्हाई. आन् आता मी मोडायलो तर तुमी सगळे मला नेम शिकवायला बसलात."

त्याच्या या बोलण्यात जे दुखत होतं ते कुरणाचं नव्हतं. आठ वर्षांपूर्वीचे ते दोन महिने. आता ते परत कुणाकडून मागून घ्यायचे?

"मोडला," सुलाबाई म्हणाली. "आमच्यापायी मोडला, खरं हाय. पर भरून कुणी काढला? त्या हिवाळ्यात आमी बायकांनी रुळाच्या कडंनं हिंडून पवन्याचं बियाणं झाडलं. पाट्या भरून ठेवलं. अन् मिरगाच्या तोंडाला तुमच्या कुरणात नेऊन फेकलं. सगळ्यात आदी त्या खडकावर. आमचीच कड होती ती. व्यंकटराव बोरीखाली बसून बघत होते. म्हणाले काहीच न्हाई. दुसऱ्या साली मातर म्हणाले, आता कड-बिड न्हाई, ज्यानं पेरलं त्यानं कुठंबी कापावं." ती उठली. "एवढंच सांगायचं होतं. रान तुमचं हाय, सातबारा तुमचा हाय. गवत निम्मं आमचं हाय."

ती जायला वळली, तशी माय म्हणाली, "सुला, थांब. चहा ठिवलाय." मग चौकटीला धरून माय उठली. आत गेली. भिंतीशी चाचपत गेली आणि खुंटीवरून काढलेलं धोतर हातावर घेऊन आली. जुनं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं. काठाच्या शिवणीत गेल्या सालचं एक कुसळ अजून अडकून होतं.

"भुजंगा."

"काय, माय."

"तू थोरला हायस. रान तुझ्या हाती हाय. मोडायचं तर मोड, मी आडवी येणार न्हाई. पर या घरात कुरणाला इळा लागला काय अन् नांगर लागला काय, आदी चालून यायचं असतं. बोरीपासून वढ्यापातूर. पाण्याला पाय लावून."

"माय, हे काय आता..."

"तुझा बाप दरसाली गेला. यंदा कोण जाणार? मला दिसत न्हाई." ती थोडी थांबली. "बन्सी जाईल का?"

बन्सीनं खाली बघितलं. तात्याराव तंबाखूची पिंक टाकायला उठले आणि तिकडंच उभे राहिले. भुजंग बराच वेळ त्या धोतराकडे बघत राहिला. मग ते घेऊन आत गेला.

तो बाहेर आला तेव्हा कडूबाईनं तोंडाला पदर लावला. धोतर त्याला आखूड होतं, पोटऱ्या उघड्या राहिल्या होत्या. पँट घालायला लागल्यापासून त्याला कुणी धोतरात बघितलं नव्हतं. कुणाकडेही न बघता तो अंगण ओलांडून गेला.

अनुसया त्याच्यामागं गेली नाही. एवढ्या लांबून बोरीपर्यंत दिसत होतं. तो ट्रॅक्टरला वळसा घालून गवतात शिरला. आधी झपझप चालत होता, मग चाल मंदावली. पाठमोरा चालताना त्याचा डावा खांदा किंचित खाली झुकत होता, तशी चाल या घरात एकाचीच होती. तिनं चहाची कपबशी खाली ठेवली. इतक्या दिवसांत ती रडली नव्हती आणि आताही रडली नाही. फक्त तो गवतात दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली.

"काका," ती म्हणाली, "हक्कसोड मी करीन. कुरण मोकळं झालं की दुसऱ्या दिवशी."

"अन् न्हाई झालं तर?" तात्यारावांनी विचारलं.

"तरी करीन. पण मला ते बघून जायचंय."

*

भुजंग परत आला तेव्हा उन्हं उतरत होती. आबा बसायचे तिथंच, ओसरीच्या कडेला, पाय सोडून बसला. कुणी सांगायच्या आधी कडूबाई आणि अनुसया खाली बसल्या. माय मधे बसली. सुलाबाई तशीच पायरीवर होती. माय म्हणाली, "तू बी ये गं, हात चालव," तेव्हा तीही सरकली.

कुसळं पोटरीच्या वर, मांडीपर्यंत लागली होती. काळी, पीळ पडलेली. अनुसयानं एक ओढून बघितलं. टोकाशी बी नव्हतं. गळून गेलं होतं, कुठंतरी मागं, वाटेवर. पिकलं होतं कुरण. तिनं ते तसंच भुजंगच्या तळहातावर ठेवलं. त्यानं ते बघितलं.

मायची बोटं धोतराच्या काठावरून चालली होती. डोळे मिटून ती कुसळं काढायची, डोळे चांगले होते तेव्हाही तशीच काढायची. काठाच्या तळाशी येऊन बोटं थांबली. तिनं अंगठ्यानं चोळून बघितलं. काठ कडक झाला होता, त्यावर पांढरं काही सुकून बसलं होतं.

"हे काय रं?"

भुजंगनं पाय मागं ओढून घेतला.

मायनं बोट जिभेला लावलं. "खारट हाय," ती म्हणाली.

ओढ्याच्या पाण्याला पाय लावायचा तर आता ती पट्टी ओलांडूनच जावं लागतं. आबा कधी बोलले नव्हते. पण गेल्या सालीही ते चालून आले होते, त्याच्या आदल्या सालीही. आणि गेली दोन वर्षं मायच्या हाताला सुकलेला काठ लागला नव्हता; आबा ओढ्यावरूनच काठ धुऊन, पिळून येत होते. ओला काठ का, असं तिनं एकदा विचारलं होतं. "पाणी जास्त होतं," ते म्हणाले होते.

हे आठवून तिनं सगळ्यांना सांगितलं, अगदी साध्या आवाजात, भाजी महाग झाली म्हणून सांगावं तसं. मग पुन्हा कुसळं काढायला लागली.

अंगणात कडूबाईची म्हैस हंबरली. भुजंगनं तळहातावरचं कुसळ उचललं, दोन बोटांत फिरवलं.

"सांगावा धाडा," तो म्हणाला. "उद्या कुरण मोकळं."

"आन् ट्रॅक्टर?" कडूबाईनं विचारलं.

"लोकं भारे घेऊन निघतील. वाटंत आडवा येतोय तो. सकाळी घरी आणतो." मग बन्सीकडे वळून म्हणाला, "या सालचं बोलायलो मी. पुढचं पुढं."

बन्सीनं मान डोलावली. सुलाबाईनं हातातली कुसळं पदरात बांधून घेतली आणि उठली. अनुसयाला ठाऊक होतं, एक साल म्हणजे एकच साल. चारीला पाणी पुढच्या सालीही येणार होतं.

मायचे हात अजून भुजंगच्या गुडघ्याशी होते. शेवटचं कुसळ निघालं तरी तिनं ते तिथून काढले नाहीत.

"तुझ्या बापाला लई वरपातूर लागायची," ती म्हणाली. "उंच झालास रं तू."